चिपर सारखं रुसतंय: मशीन विकू की ठेवू? (सोलापूर)

झाडवाला_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. सोसायट्या, शाळा, दवाखाने यांच्या आवारातली झाडं छाटायची कामं घेतो. आधी फांद्या ट्रॉलीत भरून न्यायचो. फांद्यांची ट्रॉली भरलेली दिसते, पण निम्मी हवाच असते, आणि डिझेल त्या हवेपायी जळतं. म्हणून पुण्याकडून एक जुनं चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं मशीन, आणलं. ट्रेलरवर बसवलेलं, स्वतःचं डिझेल इंजिन, डिस्क टाइप म्हणजे फिरत्या तबकडीवर दोन पाती, फांदी आत ओढणारे दोन हायड्रॉलिक फीड रोलर. सहा इंची फांदी घेतं असं विकणाऱ्याचं म्हणणं.

आता रडगाणं. अशोक, गुलमोहर असं पानाळ काही घातलं की चुरा बाहेर फेकणारी वरची तोटी तुंबते. बेल्टला जळका वास येतो, नवीन टाकला तरी तेच. मागच्या वेळी पाती धार लावून आणली तेव्हापासून अख्खा ट्रेलर थरथरतोय. आणि भर दुपारी रोलर मध्येच थांबतात, मग त्यांच्या मनात आलं की फिरतात.

एक मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेलं. दुसरा म्हणतो इंजिनचं पंप-नोझल उतरवावं लागेल. वळीव तोंडावर आलाय, पडलेल्या झाडांची कामं तेव्हाच निघतात. जाणकारांनी सांगा.

शेंगाचटणी

विकणार असाल तर आधी आम्हाला कळवा, थरथरणारं मशीन स्वस्तात पडेल. मस्करी सोडा मालक, तोटीतून बाहेर काय पडतंय त्याचा फोटो टाका की. इंजिनचा नको.

झाडवाला_जुळेसोलापूर

टाकलाय. लांब लांब सालपटं, सुतळीसारखे धागे, आणि अधूनमधून नुसता भुगा.

लेथवाला_अक्कलकोटरोड

फोटो बघितला. पंप-नोझलला कुणाला हात लावू देऊ नका, अजून तरी इंजिनवर संशय घ्यावा असं काही दिसत नाही.

चिपरमध्ये पातं फिरतं आणि खाली एक स्थिर पट्टी असते, अॅन्व्हिल म्हणतात तिला. कात्रीच्या दोन पात्यांसारखं हे काम आहे, फक्त एक पातं जागेवर बसलेलं. दोन्हींमधली फट मॅन्युअलमध्ये दिलेली असते, लहान मशीनला साधारण एक-दोन मिलिमीटर. पट्टीची कड गोल झाली किंवा फट वाढली की जाड लाकूड कसंबसं तुटतं, पण साल, पानं आणि ओल्या काटक्या कापल्याच जात नाहीत. त्या फटीत दुमडतात आणि ओढल्या जातात. फोटोतली सालपटं तीच.

आता पुढची साखळी बघा. डिस्कच्या मागे पंखे असतात, ते चुरा वर फेकतात. फेकायला दोन गोष्टी लागतात: चुरा आखूड हवा आणि डिस्क पूर्ण वेगात हवी. लांब धागे तोटीच्या वळणावर अडकतात. तोटी भरली की डिस्कवर भार येतो, डिस्क मंदावते, बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो, वास मारतो. घसरलेला बेल्ट डिस्कला वेग देत नाही, म्हणून तोटी आणखी तुंबते. तुम्ही हे दोन आजार म्हणून लिहिलेत, माझ्या मते एकच आहे. नवीन बेल्ट टाकून तो बरा होणार नाही.

आता तुम्ही सांगा. धार कुणी आणि कशावर लावली? दोन्ही पात्यांचं वजन केलं का? खालची पट्टी कधी पलटली आहे का? पात्याची फट धार लावल्यावर पुन्हा मोजली का?

झाडवाला_जुळेसोलापूर

धार हँड ग्राइंडरवर लावून मिळाली. कडेला निळसर रंग दिसतोय. वजन आत्ता किराणा दुकानातल्या काट्यावर केलं, एक पातं दुसऱ्यापेक्षा ३५ ग्रॅमने हलकं आहे. पट्टी मशीन घेतलं तशीच आहे, फट कुणी मोजलेली नाही. ३५ ग्रॅमने एवढ्या मोठ्या लोखंडाला काय फरक पडणार पण?

लेथवाला_अक्कलकोटरोड

पडतो मालक. हिशेबच मांडतो. पातं केंद्रापासून २५ सेंटिमीटरवर आहे आणि डिस्क मिनिटाला १००० फेरे घेते असं धरा. त्या वेगाला ३५ ग्रॅमचा फरक साधारण १० किलो वजनाएवढ्या जोराने बेअरिंगला एका बाजूला खेचतो, आणि हे खेचणं सेकंदाला १६-१७ वेळा दिशा बदलून फिरत राहतं. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. थरथर तिथूनच. बेअरिंग अजून गेलं नसेल तर असंच चालवून जाईल, म्हणजे तुमचा पहिला मिस्त्री महिन्याभराने खरा ठरेल.

निळा रंग म्हणजे कडेचं पाणी उतरलं. घासताना पातं तापलं आणि पोलाद मऊ पडलं. अशी धार हाताला चांगली लागते आणि बाभळीच्या पहिल्या फांदीत बसते. ही पाती सरफेस ग्राइंडरवरच, कूलंट सोडून, दोन्ही एकाच वेळी बांधून घासायला हवीत. म्हणजे कोनही सारखा, रुंदीही सारखी. निळा भाग पूर्ण जाईपर्यंत घ्यायचं. वजनात उरलेला फरक जड पात्याच्या मागच्या बाजूने काढायचा, धारेकडून नाही. पात्यावर किमान रुंदीची खूण असते किंवा मॅन्युअलात आकडा असतो, त्याच्या खाली गेलं तर ते पातं भंगारात. चिपरचं पातं तुटून उडालं तर तोटीची दिशा विचारत नाही.

बसवताना: पात्याखालची जागा वायर ब्रशने स्वच्छ. कडुलिंबाचा डिंक आणि भुशाचा थर तिथे सिमेंटसारखा बसतो. त्यावर पातं टेकलं की ते वाकडं राहतं आणि सगळा ताण एकाच बोल्टवर येतो. बोल्ट मॅन्युअलात लिहिलेल्या ग्रेडचेच. बाजारातला कुठलाही त्याच मापाचा बोल्ट चालणार नाही. आणि टॉर्क पान्याने आवळायचे. पान्याला पाइप लावून लटकणं बंद.

मग फट. घासलं की पातं अरुंद होतं, म्हणून दर धारेनंतर फट वाढते आणि पट्टी पुन्हा जवळ आणावी लागते. हे फार जण विसरतात. पट्टी काढाल तेव्हा नीट बघा, बहुतेकींच्या दोन कडा चालतात, काहींच्या चारही. पलटून बसवा. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दोन्ही पात्यांशी, दोन्ही टोकांना मोजा.

आणि हे सगळं करायच्या आधी: इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, गड्याच्या नाही. डिस्क जड असते, इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहते. आवाज थांबला म्हणजे डिस्क थांबली असं नसतं. पूर्ण थांबल्यावर लॉक पिन घाला, मगच झाकण.

रग्गड_एचपी

एवढी सर्कस कशाला? आपल्याकडचं लाकूड परदेशासारखं मऊ नाही. बाभूळ, चिंच, कडुलिंब. डिस्कवालं विका आणि मोठ्या एचपीचं ड्रम चिपर (पाती फिरत्या ड्रमवर बसवलेलं) घ्या, काहीही घाला, खातंय.

लेथवाला_अक्कलकोटरोड

ड्रम वाकड्यातिकड्या, फाटे असलेल्या फांद्या जास्त चांगल्या ओढतं हे खरं. पण त्यालाही पाती आहेत, त्यालाही पट्टी आहे. बोथट पात्याला जादा एचपी दिली तर ते लाकूड जास्त जोराने चेचतं, कापत नाही. डिझेल मात्र दिलेल्या एचपीएवढं पितं. सोसायटीतल्या छाटणीला सहा इंची डिस्क पुष्कळ झालं. ज्याचं पातं आणि बेअरिंग इथे, सोलापुरात, दुसऱ्या दिवशी मिळतं ते मशीन चांगलं, माझं मत एवढंच.

रग्गड_एचपी

मत ठीक. मी ड्रमवरच राहणार.

ग्रीसगन

बेअरिंगवरून आठवलं. मिस्त्री "बेअरिंग गेलं" म्हणतो तेव्हा त्याने काय बघितलं ते विचारा. बेल्ट उतरवून डिस्क हाताने हळू फिरवा, बोटं पात्याच्या वाटेत न आणता. खरखर लागते का, शाफ्ट वर उचलून बघितला तर खेळ आहे का. काम संपल्यावर, मशीन थांबवून, दोन्ही बाजूंच्या हाउसिंगचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो. एक बाजू दुसरीपेक्षा फारच गरम असेल तर तिकडे लक्ष.

पुलीकडचंच बेअरिंग वारंवार जात असेल तर बेल्ट जास्त ताणलाय. वास आला की आपला माणूस पहिलं काय करतो तर बेल्ट आणखी आवळतो. घसरणं तेवढ्यापुरतं कमी होतं आणि सगळा ताण शाफ्टवर.

ग्रीसचंही तसंच. कमी ग्रीसने जेवढी बेअरिंगं जातात तेवढीच जास्त ग्रीसने जात असावीत असं मला वाटायला लागलंय. गन दाबत बसलात की सील बाहेर येतं, मग धूळ आत. निपल पुसल्याशिवाय गन लावली तर निपलवरची माती आपणच आत ढकलतो. दाबाचे मोजके झटके, मशीन कोमट असताना, बास.

डाळिंबबाग_सांगोला

आमचं ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारं आहे, बागेच्या छाटणीच्या काड्यांसाठी. ५४० आरपीएमला. धार-फटीचं वरती लिहिलंय ते सगळं लागू, पण आमचा त्रास वेगळा: शिअर बोल्ट सारखा तुटतो. गावात एकाने वैतागून तिथे हाय टेन्साइल बोल्ट घातला. बोल्ट तुटला नाही, गिअरबॉक्सचे दात तुटले. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो हे त्याला कोण सांगणार.

आमच्याकडे बोल्ट तुटायचं कारण शेवटी चालवणाऱ्याच्या पायात सापडलं. तो डिझेल वाचवायला अॅक्सिलरेटर कमी ठेवून, पीटीओ ५४० पर्यंत न चढवता काड्या कोंबायचा. वेग नाही म्हणजे डिस्कमध्ये जोर साठलेला नाही, जाड काडी आली की जागच्या जागी अडकणार. आता आधी पूर्ण वेग, मग काडी. बोल्ट क्वचित जातो.

जाता जाता डाळिंबवाल्यांसाठी: तेल्या रोग आलेल्या बागेच्या काड्या चिपरमधून काढून त्याच बागेत आच्छादन म्हणून पसरू नका. रोग तिथेच ठेवल्यासारखं होतं. ती छाटणी बागेबाहेर नेऊन नष्ट करायची. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शंका असेल तर तिथे विचारा, व्हॉट्सअॅप विद्यापीठात नको.

द्राक्षवाला_कासेगाव

आणि द्राक्षवाल्यांनी तार बघूनच घाला. एप्रिलच्या खरड छाटणीत काडीबरोबर बांधणीची तार, सुतळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या सगळं येतं. तारेचा एक तुकडा पात्याला खाच पाडतो आणि मग प्रत्येक कापात त्या खाचेएवढी साल न कापता राहते.

भुईकोट

शहरात तार बरी म्हणायची वेळ आहे. रस्त्याकडेच्या झाडात क्लासच्या पाट्यांचे खिळे, केबलच्या वायरी, लाकडात मुरलेलं ट्री गार्ड. खोडाच्या खालच्या भागातच हे जास्त, म्हणून आम्ही बुंध्याकडचा भाग चिपरमध्ये घालतच नाही, करवतीने तुकडे करून जळणाला देतो. मुळ्या तर अजिबात नाहीत. काळ्या मातीत वाळू-खडे असतात, पात्याची धार मिनिटात जाते.

पण सगळ्यात वाईट मांजा. संक्रांतीनंतर शहरातल्या कुठल्याही झाडाच्या शेंड्यात बघा. नायलॉनचा मांजा कापला जात नाही, फीड रोलरच्या शाफ्टच्या टोकाला गुंडाळत जातो आणि आत आत सरकत सील कापतो. वरून दिसतही नाही. वडाच्या बुंध्याचं सूतही गुंडाळतं, पण सुती असल्यामुळे निदान तुटतं. आठवड्याला एकदा रोलरची दोन्ही टोकं आकड्याने खरवडून बघतो.

झाडवाला_जुळेसोलापूर

भारी माहिती. आमच्या रोलरच्या डाव्या टोकाला खरंच हिरव्या मांजाचा गुंडा निघाला. सील अजून शाबूत आहे.

पाती आणि पट्टी उद्या एमआयडीसीत टाकतोय. रोलर दुपारी थांबण्याचं काय पण? गडी म्हणतोय आडव्या दांड्याचा स्विच खराब आहे, वायर थेट जोडून टाकू.

विलायती_सोलापूरकर

कृपया ती वायर जोडू नका. मी मूळचा रेल्वे लाइन्सचा, इंग्लंडात झाडकामात आहे. तो दांडा म्हणजे माणूस आणि रोलर यांच्यामधली शेवटची गोष्ट. अंगाने, पायाने धक्का बसला की रोलर थांबावेत म्हणूनच तो तिथे आहे. युरोपात चिपरच्या सुरक्षेसाठी ईएन १३५२५ नावाचं मानक आहे आणि हे थांबवण्याचे दांडे त्याचा महत्त्वाचा भाग आहेत. फीड रोलर माणसाच्या प्रतिक्षिप्त हालचालीपेक्षा जास्त वेगवान असतात, एकदा बाही अडकली की सोडवता येत नाही. झाडकामातले दोर हा त्याहून मोठा धोका. फांद्यांच्या ढिगात चढण्याचा दोर राहिला, तो चिपरने ओढला आणि वर झाडावरचा माणूस त्याला बांधलेला, असे अपघात झालेले आहेत. दोर आणि चिपर एका बाजूला ठेवायचेच नाहीत.

आता तुमचा प्रश्न. रोलर थांबणं हा नेहमी बिघाड नसतो. बऱ्याच मशीनमध्ये इंजिनच्या आरपीएमवर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो. आरपीएम ठरावीक पातळीखाली गेले की तो रोलर थांबवतो, काहींत थोडे मागे फिरवतो, वेग परत चढला की पुन्हा पुढे. व्हर्मीरच्या मशीनवर याला स्मार्टफीड म्हणतात, इतरांची नावं वेगळी. त्यामुळे रोलर थांबतील तेव्हा हात लावण्याआधी कान द्या. इंजिनचा आवाज आधी खाली बसला आणि मग रोलर थांबले, तर सेन्सर आपलं काम बरोबर करतोय, दोष बोथट पात्यात, बेल्टमध्ये किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये. आवाज पूर्ण भरात असताना रोलर थांबले, तर सेन्सर, त्याची वायर, दांड्याचा स्विच किंवा हायड्रॉलिक.

इथे बहुतेक जण फांदी कापल्या दिवशीच चिप करतात. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत दोन दिवस पडलेली फांदी कडकडीत वाळते. वाळलेलं लाकूड पात्याला ओल्यापेक्षा जास्त जड जातं आणि त्याची धूळ रेडिएटरच्या जाळीवर बसते. भर दुपारीच होतंय म्हणताय म्हणून आधी ती जाळी बघा.

ग्रीसगन

यात एक भर. हायड्रॉलिक ऑइलही बघा. तापलं की पातळ होतं, रोलरचा जोर जातो. टाकीतली पातळी, गाळणी, आणि कुठल्या ग्रेडचं भरलंय ते. मॅन्युअल उष्ण हवामानासाठी ४६ ऐवजी ६८ चालेल म्हणत असेल तरच बदला.

हिरवळ

छाटणीची परवानगी घेता ना सगळे? १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा शहरात लागू आहे. एवढं विचारून गप्प बसते.

झाडवाला_जुळेसोलापूर

घेतो ताई, अर्जाची प्रत गाडीतच असते.

अपडेट. पाती सरफेस ग्राइंडरवर घासून आली. वजनातला फरक आता किराणा काट्यावर दिसत नाही. पट्टीची एक कड पार गोल झाली होती, पलटून बसवली, फट मॅन्युअलप्रमाणे दोन्हीकडे सारखी. थरथर गेली. ट्रेलरवर पाण्याची बाटली उभी राहते. गुलमोहर घालून बघितला, ओला, पानांसकट. चुरा नखाएवढा आखूड पडतोय आणि तोटी साफ. बेल्ट तोच जुना आहे, वास नाही. बेअरिंग बेल्ट उतरवून फिरवलं, खरखर नाही, खेळ नाही.

रेडिएटरच्या जाळीवर बोटभर थर होता. आतून बाहेर हवा मारून काढला. रोलर थांबणं कमी झालंय, पण पूर्ण गेलेलं नाही. काल एकदा थांबले तेव्हा इंजिनचा आवाज भरात होता.

विलायती_सोलापूरकर

मग सेन्सर किंवा वायर. सेन्सर फिरणाऱ्या भागापासून ठरावीक अंतरावर असतो. इतके दिवस मशीन थरथरलंय म्हणजे तो सरकला असू शकतो, किंवा वायर आत तुटून वरून अखंड दिसत असेल. सेन्सरच्या तोंडावरचा लोखंडी कीस पुसा, अंतर मॅन्युअलप्रमाणे करा, मग मशीन चालू असताना सुरक्षित अंतरावरून, लांब काठीने वायरचा जुडगा हलवून बघा. रोलर अडखळले की जागा सापडली. चिपरच्या तोंडासमोर कुणी उभं नको तेव्हा.

झाडवाला_जुळेसोलापूर

सापडलं. सेन्सरची वायर इंजिनच्या ब्रॅकेटला घासून आत तुटली होती. नवीन वायर, वरून रबरी नळी, दोन क्लिपा. दांड्याचा स्विच आहे तसाच ठेवला, तो ठणठणीत आहे. गड्याला तो रोज कामाआधी एकदा दाबून रोलर थांबतात का बघायला सांगितलंय.

शेंगाचटणी

म्हणजे विकत नाही?

झाडवाला_जुळेसोलापूर

नाही. पण चुरा आता ढिगाने पडतोय, तो हवा असेल तर घेऊन जा. कडुलिंबाचा जास्त आहे.

डाळिंबबाग_सांगोला

झाडांना घालणार असाल तर खोडापासून हातभर लांब पसरा, मातीत मिसळू नका, वाळवीवर लक्ष ठेवा. आणि ओल्या चुऱ्याचा मोठा ढीग घालून ठेवू नका, आतून तापतो. आमच्याकडे टेम्पो येणार आहे शनिवारी सोलापूरला, परत रिकामाच जातो. नंबर मेसेज करा.